खाडा

मागच्या महिन्यात आमच्या मावशी दोन दिवस आल्या नाहीत. मावशी म्हणजे आमच्याकडे धुणीभांडी आणि लादी करतात त्या, घणसोली गावात राहतात. एक तारखेला त्यांना पैसे पाठवताना मी अगदी सवयीने फोनवर पगार भागिले तीस गुणिले दोन केलं, तेवढे कापले आणि उरलेले पाठवून दिले. मी अकाउंट्सला आहे, महापेच्या एका कंपनीत, दिवसभर लोकांचे पैसे कापायचंच काम, कधी टीडीएस कधी पीएफ, त्यामुळे बोटं आपोआप चालतात.

आई सध्या माझ्याकडे आहे, गुडघ्याचं दुखणं घेऊन. ती हॉलमध्ये भेंडी चिरत बसली होती. म्हणाली, "खाडा धरलास काय गं?"

एवढंच. ओरडली नाही, टोमणा नाही, नुसतं विचारलं आणि परत भेंडी चिरायला लागली. पण मला असं झालं ना की कोणीतरी भर रस्त्यात ओळखून हाक मारावी आणि आपण नेमकं नको तिथे उभं असावं. कारण माझी आई तीस-बत्तीस वर्षं वाशीत घरकाम करायची. आणि खाडा या शब्दावर आमच्या घरात जेवढं बोलणं झालंय तेवढं माझ्या लग्नावर पण झालं नसेल.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, खाडा म्हणजे न आलेला दिवस. तुम्हाला मला ऑफिसमध्ये रजा असते, सुट्टी असते, सीएल असते, एसएल असते. घरकाम करणाऱ्या बाईला यातलं काहीच नसतं, तिचा फक्त खाडा असतो. आजारी पडली खाडा, मूल आजारी पडलं खाडा, सासरा वारला खाडा. हा फरक मला सगळ्यात आधी एका सिस्टरने सांगितला. हॉस्पिटलची सिस्टर नाही, चर्चची. त्या सिस्टरबद्दल बऱ्याच दिवसांपासून लिहायचं होतं, भेंडीच्या निमित्ताने आज लिहितेय.

आम्ही तुर्भ्याचे. म्हणजे तुर्भे स्टोअरची झोपडपट्टी, एमआयडीसीच्या कडेची. वडील दगडखाणीवर होते, नवी मुंबई बांधायला जी खडी लागली त्यातली बरीचशी आमच्या मागच्या डोंगरातून गेली आणि तो डोंगर आता अर्धाच राहिलाय, ठाणे-बेलापूर रोडवरून जाताना बघा कधीतरी. आजोबा ७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून इकडे आले ते परत गेलेच नाहीत. आई लग्न होऊन आली आणि दुसऱ्याच महिन्यात वाशीला कामाला लागली. सेक्टर ९, सेक्टर १०, नंतर सेक्टर १७. तेव्हा आमच्या बोलण्यात "घर" म्हणजे काम. घर लागलं, घर सुटलं, तिची चार घरं आहेत, तिला नवीन घर पाहिजे. मी पहिलीत असताना बाईंनी विचारलं होतं तुमचं घर कुठे, तर मी सांगितलं आमच्या आईची पाच घरं आहेत वाशीला. बाई हसल्या. मला खूप वर्षांनी कळलं का हसल्या ते.

सिस्टर आमच्या वस्तीत आल्या २००० च्या आसपास. मी पाचवीत होते. मंगलोरकडच्या होत्या, साधी कॉटनची साडी, गळ्यात छोटा क्रॉस, पायात पावसाळी चप्पल बारा महिने, आणि मराठी असं की आम्ही पोरं मुद्दाम त्यांच्याजवळ जाऊन उभी राहायचो ऐकायला. "तुमचा पगार वाढली का?" "नवरा दारू पिते का?" लिंगाचा तर पार चुराडा. पण न लाजता बोलायच्या, आम्ही हसलो तर त्या पण हसायच्या आणि विचारायच्या, मग बरोबर काय ते सांगा.

सुरुवातीला कोणी उभं केलं नाही. आमची वस्ती बहुतेक बौद्ध, प्रत्येक घरात बाबासाहेबांचा फोटो, आणि सगळ्यांच्या डोक्यात एकच की ही बाई धर्म बदलायला आलीय. आमच्या शेजारच्या काकांनी तोंडावर सांगितलं होतं, सिस्टर आम्ही एकदा बदललाय, आता परत नाही. सिस्टर म्हणाल्या, मी धर्माचं नाही विचारत, तुमची बायको रविवारी कुठे जाते ते विचारते. काका म्हणाले, कामाला. "आणि तिची मॅडम रविवारी कुठे जाते?" काका गप्प.

त्यांची मीटिंग रविवारी दुपारी अडीच वाजता, बालवाडीच्या खोलीत. अडीच का, तर बायका सकाळची घरं उरकून दोनला येतात आणि संध्याकाळच्या भांड्यांना पाचला परत निघतात. हे अडीच वाजता ठेवायचं सुचणं, हीच मला वाटतं त्या बाईची अर्धी हुशारी होती. आधी एक संस्थावाले यायचे ते सकाळी अकराला शिबिर ठेवायचे आणि मग म्हणायचे बायकांचा प्रतिसाद नाही.

पहिल्या मीटिंगला आई गेली ती फक्त चहा-बिस्किटासाठी, हे ती स्वतःच सांगते. मी तिच्या मांडीला टेकून बसलेले. सिस्टरने फळ्यावर दोन शब्द लिहिले, सुट्टी आणि खाडा, सुट्टीची वेलांटी चुकीची. आणि विचारलं, यात फरक काय? बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग मागून एक आजी बोलली, "सुट्टी सायबाला असती, खाडा आपल्याला." सगळी खोली हसली. सिस्टर हसल्या नाहीत, त्यांनी ते तसंच वहीत लिहून घेतलं.

मग त्या भिंतीवरच्या फोटोकडे वळल्या. बालवाडीत पण फोटो होता ना. म्हणाल्या, हे कोण? आता आमच्या बायकांना हे विचारणं म्हणजे, एकीला रागच आला. सिस्टर म्हणाल्या, संविधान लिहिलं ते सगळ्यांना माहीत आहे, पण हे कामगार मंत्री पण होते हे कोणाला माहीत आहे? कोणालाच नव्हतं. मला पण नंतर मोठेपणी वाचून नीट कळलं की बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये मजूर खात्याचे मंत्री होते, आणि कारखान्यातल्या कामगाराला पगारी सुट्टी मिळायचा कायदा १९४५ ला झाला तो त्यांच्याच खात्याचा, मग १९४६ ला आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले ते पण. त्याच्याही आधी १९२८ ला मुंबईच्या कौन्सिलात बाळंतपणाच्या पगारी रजेच्या बिलाच्या बाजूने ते बोलले होते. एक मंगलोरची कॅथलिक सिस्टर तुर्भ्याच्या बौद्ध बायकांना बाबासाहेबांची पगारी सुट्टी सांगत होती, हे मी आज कोणाला सांगितलं तर लोकांना वाटतं मी रंगवून सांगतेय.

पण गोम पुढेच होती. एका बाईने विचारलं, मग ती सुट्टी आम्हाला का नाही? तर सिस्टर म्हणाल्या कारण तुम्ही कारखान्यात नाही, घरात काम करता. आणि घर म्हणजे कायद्याने कारखाना नाही, दुकान नाही, उद्योग नाही. मॅडम म्हणजे मालक नाही आणि तुम्ही कामगार नाही. मग आम्ही कोण? यावर सिस्टर जे बोलल्या ते आईला अजून पाठ आहे, त्यांच्याच मराठीत, "तेच तर भांडण आहे. कागदावर तुम्ही कोणीच नाही आहे."

त्यांच्या बोलण्यात सारखं एक नाव यायचं, सिस्टर जीन. आम्हाला वाटायचं कोणीतरी त्यांची मोठी बहीण असेल. ती म्हणजे सिस्टर जीन देवोस, बेल्जियमची, १९६३ ला भारतात आली ती इथलीच झाली. आणि १९८५ मध्ये नॅशनल डोमेस्टिक वर्कर्स मूव्हमेंट सुरू केली, घरकामगारांची चळवळ, तिचं मुख्य ऑफिस मुंबईलाच. जीन सिस्टर सिस्टर लोकांच्या ज्या संघाच्या, आयसीएम म्हणतात त्यांना, तो पण गंमतच आहे. काढला बेल्जियमच्याच एका मदरने पण बेल्जियममध्ये नाही, १८९७ ला तमिळनाडूतल्या मुळगुमूडू नावाच्या गावात, तेव्हा ते त्रावणकोरात होतं. म्हणजे दिसायला परदेशी पण जन्मदाखला इथला. जीन सिस्टरच्या चळवळीचा पहिला हट्ट शब्दावरच होता. नोकर म्हणायचं नाही, मोलकरीण म्हणायचं नाही, कामगार म्हणायचं. आता ऐकायला छोटी गोष्ट वाटते. पण कामगार म्हटलं की मागून तास येतात, सुट्टी येते, बोनस येतो, युनियन येते. नोकर म्हटलं की मागून फक्त जुनी साडी येते दिवाळीला.

आणि उगाच सगळं श्रेय सिस्टर लोकांनाच देणार नाही हं मी, पुण्यात १९८० मध्येच मोलकरणींनी संप केला होता, कोणी नेता नसताना, त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. तिथे शब्द मोलकरीणच ठेवला आणि ताठ मानेने ठेवला. त्यामुळे शब्दाबद्दल दोन मतं असू शकतात. आई स्वतःला काय म्हणते? ती म्हणते, "मी चार घरं करायची."

तर मुद्दा सुट्टीचा. बायकांनी ठरवलं महिन्याला दोन पगारी सुट्ट्या मागायच्या. सिस्टरचं म्हणणं चार मागा, चार रविवार. बायका म्हणाल्या सिस्टर तुम्हाला कळत नाही, चार मागितल्या तर घरच जाईल, दोनच मागू. वाद झाला बराच, शेवटी दोनवर आलं. सिस्टर नाराज झाल्या होत्या, आई म्हणते दोन मीटिंगा तोंड फुगवून होत्या. पण ऐकलं त्यांनी.

मग प्रश्न की बोलणार कोण. आई म्हणाली सिस्टर तुम्ही चला ना माझ्याबरोबर, तुमचं इंग्लिश ऐकून वहिनी गप होतील. सिस्टर म्हणाल्या, मी येणार नाही. आईला फार वाईट वाटलं तेव्हा. घरी येऊन म्हणाली, बिस्किटं खायला घालायला येतात आणि कामाच्या वेळेला हात वर. पण पुढच्या रविवारी त्यांनी काय केलं तर चक्क नाटक. सिस्टर झाल्या वहिनी, आई झाली आई. सिस्टर खुर्चीवर पायावर पाय टाकून बसल्या आणि म्हणाल्या, "काय गं, आज उशीर का झाली?" बायका हसून हसून लोळल्या. पण सहा वेळा करून घेतलं ते आईकडून. खाली बघून बोललीस, परत. "द्या ना" म्हणालीस, परत. साडीचा पदर पिळतेयस, परत.

आणि एक डायरी दिली प्रत्येकीला. एलआयसीची जुनी डायरी कुठून तरी गोळा केलेली, एकदोन वर्षं मागची तारीख. त्यात रोज लिहायचं, किती वाजता गेलो, किती वाजता निघालो, पाहुणे किती, जास्तीचं काय काम. आईला लिहिता येत नव्हतं म्हणून ते मी लिहायचे. रात्री जेवण झाल्यावर आई सांगायची आणि मी लिहायचे. "सेक्टर नऊ. साडेआठ ते साडेदहा. पाहुणे चार. पंखे पुसले. जास्तीचे पैसे नाही." माझं अक्षर चांगलं आहे ते त्या डायरीमुळे, आणि आता अकाउंट्समध्ये आहे ती पण बहुतेक त्यामुळेच.

मग आईने मागितलं. चार घरांत मागितलं, एकाच आठवड्यात, कारण म्हणाली थांबले तर हिंमत जाईल. सेक्टर ९ च्या वहिनी लगेच हो म्हणाल्या, उलट म्हणाल्या तू आधी का नाही बोललीस. (हे वाक्य मला अजून टोचतं. बोललीस का नाही! जसं काही तिचंच चुकलं.) दुसऱ्या घरी, बघू. तिसऱ्या घरी एक सुट्टी मिळाली. आणि चौथ्या घरी दुसऱ्या दिवशी सकाळी दारातच हिशोब हातात ठेवला, त्यात पण तीन दिवसाचे कापलेले.

बायकांनी ठरवलेलं होतं की असं कोणाचं घर सुटलं तर वस्तीतल्या दुसरीने तिथे जायचं नाही. पण गेली. आमच्याच गल्लीतली, आईची मैत्रीण, तिचा नवरा तेव्हा पडून होता, पोरं लहान, ती तरी काय करणार. आई तिच्याशी दीड वर्ष बोलली नाही. आणि मला आठवतं आईची अपेक्षा होती सिस्टर तिला मीटिंगमध्ये झापतील. सिस्टर काही बोलल्या नाहीत, तिच्या नवऱ्याला घेऊन वाशीच्या दवाखान्यात गेल्या. आई सिस्टरवर पण चिडली मग. मला आज सिस्टरचं पटतं, पण ज्या महिन्यात आमच्या घरी भांड्याच्या त्या एका घराचे दोनशे रुपये कमी आले ना त्या महिन्यात नसतं पटलं.

अजून एक सांगायचं आहे, ते लवकर सांगून टाकते. माझ्या वर्गात एक मुलगी होती, माझ्याच बाकावर. पाचवीतून तिला काढलं आणि एका घरी ठेवलं, बाळाचा पाळणा हलवायला म्हणे, राहायला-खायला तिथेच. सिस्टर तीनदा त्या घराच्या दारापर्यंत जाऊन आल्या, आत घेतलं नाही. पोलीस म्हणाले यात गुन्हा काय आहे, घरच्यांनीच ठेवलंय. आणि खरंच होतं ते, तेव्हा कायद्यात बंदी असलेल्या कामांच्या यादीत घरकाम नव्हतंच. ते आलं १० ऑक्टोबर २००६ पासून, चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायचं नाही म्हणून. या बंदीसाठी जीन सिस्टरची चळवळ कितीतरी वर्षं मागे लागली होती. आली तेव्हा आमच्या सिस्टरने बालवाडीत पेढे वाटले. माझ्या बाकावरची मुलगी तोपर्यंत लग्नाच्या वयाची झाली होती.

सिस्टरची बदली झाली २०१० ला, गुजरातला. बदली आली की त्या निघाल्या, एक ट्रंक, एक पिशवी. आईने विचारलं तुम्ही नाही म्हणू शकत नाही का? तर त्या म्हणाल्या आम्हाला पण मॅडम असते. आई म्हणाली मग तुम्हाला सुट्टी असते का? सिस्टर खूप हसल्या आणि उत्तर दिलं नाही.

हे मला परत आठवलं २०१८ ला. कोचीत पाच सिस्टर रस्त्यावर धरणं धरून बसल्या होत्या, आपल्यातल्याच एका सिस्टरने बिशपवर अत्याचाराची तक्रार केली होती तिच्यासाठी. टीव्हीवर बघून मी सिस्टरला फोन लावला, नंबर होता आईकडे. नुसतं विचारलं बघताय का. म्हणाल्या बघते. मग बराच वेळ काही नाही. मग म्हणाल्या, "तिनं डायरी लिहिली असेल का गं?" त्या बिशपना कोट्टायमच्या कोर्टाने जानेवारी २०२२ मध्ये निर्दोष सोडलं, त्यावर हायकोर्टात अपील झालंय. मी त्यावर काही बोलणार नाही. पण दुसऱ्या बायकांना तोंड उघडायला शिकवणारीचं स्वतःचं घर पण तसंच असू शकतं, हे मला त्या फोनवर पहिल्यांदा जाणवलं.

दरम्यान कागदावर बरंच काय काय झालं. २००८ ला महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आला. २०१३ च्या लैंगिक छळाच्या कायद्यात घर हे पण कामाचं ठिकाण धरलं, म्हणजे घरकाम करणारी बाई जिल्ह्याच्या समितीकडे तक्रार करू शकते, आपल्याकडे ठाणे जिल्ह्याची आहे. माझ्या सोसायटीत विचारलं तर एकालाही माहीत नाही, आणि मावशींना तर नाहीच. आणि सगळ्यात मोठं, १६ जून २०११, जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांसाठी करार केला, १८९ नंबरचा. बाजूने ३९६ मतं, विरोधात १६. त्याचं दहावं कलम मी शोधून वाचलं, त्यात आहे की आठवड्यातून सलग २४ तास सुट्टी मिळालीच पाहिजे, कमीत कमी. म्हणजे सिस्टर चार रविवार मागा म्हणत होत्या ते बरोबरच होतं की, दहा वर्षं आधी. भारताने मत बाजूने दिलं. पण मंजुरी अजून नाही, त्यामुळे तो इथे लागू नाही. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण केंद्राला सांगितलं की यांच्यासाठी कायदा करता येईल का ते समिती नेमून बघा. बघू.

त्या घरेलू कामगार मंडळात आईची नोंदणी मी केली, मोठ्या उत्साहात. तिथे काम देणाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं. चार घरांत फिरलो सहीसाठी. सही कशाला, उद्या कोर्टात खेचलं तर, असं दोघींनी तोंडावर सांगितलं, एकीने दारच उघडलं नाही. सेक्टर ९ च्या वहिनींनी केली सही, आणि शेजारी कंसात "सिन्सियर वर्कर" असंही लिहिलं. कार्ड आलं. पुढे दरवर्षी ते जिवंत ठेवायचं असतं हे आमच्या लक्षात राहिलं नाही. मग लॉकडाऊन. मार्च २०२० ला सगळ्या सोसायट्यांनी गेट बंद केलं, पहिला महिना दोन घरांनी पगार दिला, दुसरा महिना एकीने, सेक्टर ९, आणि जूनपासून कोणीच नाही. २०२१ ला सरकारने नोंदणी असलेल्या घरकामगारांना दीड हजार जाहीर केले तेव्हा मी कार्ड घेऊन पळाले तर कळलं नोंदणी जिवंत नाही. आई म्हणाली, मी जिवंत हाय ना, बास. पण मला रात्रभर झोप नाही आली, कारण डायरी लिहिणारी मी, तारीख चुकवली मी.

तर असं सगळं मागे असताना, मी पगार भागिले तीस गुणिले दोन केलं.

आईला म्हटलं, सगळेच कापतात गं. ती म्हणाली, हो, सगळेच कापायचे. मग म्हणाली दोन दिवस का नव्हती आली ती? मला माहीतच नव्हतं. मी विचारलंच नव्हतं, गेट ॲपवर "आली नाही" दिसलं तेवढंच बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी विचारलं तर मुलीला ताप होता, ऐरोलीच्या दवाखान्यात ॲडमिट केली होती. मी कापलेले पैसे परत पाठवले आणि म्हटलं मावशी, यापुढे रविवारी येऊ नका, आणि रविवार कापणार पण नाही. मावशी घाबरल्या. खरंच, घाबरल्या. "मॅडम काम बंद करताय का?"

समजावून सांगितलं. मग दोन दिवसांनी त्या भांडी घासता घासता म्हणाल्या, माझी अजून तीन घरं तुमच्याच बिल्डिंगमध्ये, रविवारी तुमच्या एका घराची सुट्टी होऊन काय उपयोग, यायला तर लागतंच. तुम्ही सांगा ना त्यांना. आणि मला एकदम सिस्टर आठवल्या. मी येणार नाही, तू बोल. मी म्हटलं मावशी तुम्हीच बोला, मी तुमच्याकडून तयारी करून घेते हवी तर. मनात म्हटलं बघा, शिकले मी सिस्टरकडून.

मावशी गेल्यावर आई म्हणाली, "तू काय सिस्टर लागून गेलीस? तू मॅडम हायेस. मॅडमनं मॅडमला बोलायचं. ते सिस्टरला जमत नव्हतं, तुला जमतं."

मी यावर दोन दिवस चिडून होते. मग शनिवारी रात्री बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, साधंच, की आमच्या मजल्याच्या मावशी चार घरं करतात, आपण चौघी मिळून त्यांना रविवार पगारी सुट्टी देऊया का. दोन अंगठे आले. एक आलं, "रविवारीच तर जास्त भांडी असतात." एक आलं, "या लोकांना आधीच डोक्यावर बसवलंय." एकीने पर्सनल मेसेज केला की मी तयार आहे पण ग्रुपवर बोलत नाही, सासूबाई ग्रुपवर आहेत. आणि बाराव्या मजल्यावरच्या एका काकांनी, ज्यांचा यात काही संबंध नाही, पाण्याच्या मोटरचा विषय काढला आणि सगळे तिकडे वळले.

चारपैकी दोन घरं झाली. तिसरीला पंधरा दिवसांतून एक रविवार चालेल म्हणे. चौथीने उत्तरच दिलं नाही, लिफ्टमध्ये भेटते तेव्हा मोबाईलमध्ये बघते. मावशींना मी एक डायरी आणून दिलीय, त्यांच्या मुलीला सांगितलंय लिहायला, सातवीत आहे ती.

रविवारी भांडी आता नवऱ्याकडे. पहिल्या रविवारी एक तास वीस मिनिटं लागली त्याला, दोन कढया आणि कुकर बघून म्हणाला आपण एवढी भांडी काढतो? आई हॉलमधून, टीव्हीवरची नजर न हलवता, "जावईबापू, कुकरची शिट्टी आणि रिंग काढून घासा. आणि वेळ लिहून ठेवा."